स्कॅन बरोबर आला, पण ऑपरेशन कुणाचं टळलं?

मागच्या सेमिस्टरला आमच्या जर्नल क्लबमध्ये मी झिर्कॉन चाचणीचा पेपर सादर केला. किडनीतल्या गाठीत क्लिअर सेल कॅन्सर आहे की नाही, हे पेट-सीटी स्कॅनवरून ओळखता येतं का, हा त्याचा विषय. २०२४ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आलेला, नऊ देशांतल्या रुग्णालयांत झालेला, फेज ३ चा अभ्यास. माझी तयारी चांगली झाली होती. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत दोन आकडे टाकले होते : सेन्सिटिव्हिटी ८५.५ टक्के, स्पेसिफिसिटी ८७.० टक्के. मागच्या रांगेत एक निवृत्त सर्जन बसले होते. ते अधूनमधून येतात, बहुधा चहासाठी. त्यांनी विचारलं, "छान आहे हो. पण यातल्या किती जणांचं ऑपरेशन टळलं?"

मी तिथेच पेपर पुन्हा चाळायला लागले. दोन मिनिटं शांतता. मग गाईड म्हणाले, "पुढच्या वेळी सांग."

उत्तर खरं तर मेथड्सच्या पहिल्याच भागात होतं आणि ते मी तीन वेळा वाचलं होतं. या चाचणीत घेतलेले सगळे रुग्ण असे होते की ज्यांचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं. आधी स्कॅन, मग ठरल्याप्रमाणे ऑपरेशन, मग काढलेली गाठ मायक्रोस्कोपखाली. ज्या २८४ जणांवर ते दोन आकडे उभे आहेत, त्या प्रत्येकाची गाठ कापून बाहेर काढलेली आहे. म्हणजे उत्तर शून्य. आणि ते शून्यच असणार होतं, कारण अभ्यासाची रचनाच तशी आहे.

हा लेख त्या शून्याबद्दल आहे. झिर्कॉन वाईट अभ्यास आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट, इमेजिंगमधल्या अभ्यासांत इतकी नीट बांधणी क्वचित दिसते. पण "स्कॅन किती अचूक" आणि "स्कॅनमुळे उपचाराचा निर्णय किती सुधारला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर हातात आलं की दुसऱ्याचंही आलं असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं हवेत जाईल.

किडनीच्या बऱ्याच गाठी आज अपघातानेच सापडतात. पित्ताशयातल्या खड्यासाठी नाहीतर पोटदुखीसाठी सोनोग्राफी करायला गेलेल्या माणसाच्या रिपोर्टात एक ओळ येते : उजव्या किडनीत अडीच सेंटिमीटरची घट्ट गाठ. त्रास काहीच नाही. पुढे सीटी होतो. सीटीवर चरबी स्पष्ट दिसली तर ती अँजिओमायोलायपोमा, म्हणजे साधी गाठ, हे बहुतेक वेळा सांगता येतं. चरबी दिसली नाही तर पंचाईत. ऑन्कोसायटोमा नावाची साधी गाठ आणि खरा कॅन्सर सीटीवर एकमेकांसारखे दिसतात. रेडिओलॉजिस्ट प्रामाणिकपणे 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहितो आणि सर्जन, रुग्ण आणि घरचे मिळून घाबरून निर्णय घेतात. निर्णय बहुतेक वेळा एकच असतो : काढून टाका.

काढून टाकलेलं नंतर काय निघतं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा २००३ चा एक अभ्यास या विषयात सगळे वापरतात. त्यात सुमारे २,९०० गाठींपैकी १२.८ टक्के साध्या निघाल्या. पण हा सरासरीचा आकडा फसवा आहे. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत साध्या गाठींचं प्रमाण ४६ टक्के होतं, तर सात सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या गाठींत जेमतेम ६ टक्के. गाठ जितकी लहान, तितकी ती उगाच काढली जाण्याची शक्यता जास्त. २००९ या एका वर्षात अमेरिकेत अशा सुमारे ५,६०० साध्या गाठी ऑपरेशन करून काढल्या गेल्या असाव्यात, असा एक अंदाज २०१५ मध्ये छापून आला. प्रत्येक वेळी किडनीचा काही भाग गेला, काही वेळा अख्खी किडनी गेली. साठीच्या, मधुमेह असलेल्या माणसाची अर्धी किडनी विनाकारण गेली, तर पुढच्या पंधरा वर्षांत त्याची किंमत कोण मोजतं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ऑपरेशनआधी गाठीची जात ओळखणारा स्कॅन हवा आहे. ही गरज खरी आहे.

आता झिर्कॉनमागचं जीवशास्त्र, कारण ते खरोखर सुंदर आहे. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेलं असतं. व्हीएचएलचं काम म्हणजे हिफ नावाच्या प्रथिनाला वेळोवेळी कचऱ्यात पाठवणं. हिफ हा पेशीचा 'ऑक्सिजन कमी पडतोय' असा अलार्म. व्हीएचएल गेलं की ऑक्सिजन भरपूर असतानाही अलार्म वाजतच राहतो. त्या गोंधळात पेशी आपल्या बाहेरच्या भिंतीवर कार्बोनिक अनहायड्रेज-९ हे एन्झाइम भरभरून लावते. निरोगी किडनीत ते जवळजवळ नसतंच. मग त्याला चिकटणारी अँटिबॉडी, गिरेंटुक्सिमॅब, घ्यायची आणि तिला झिर्कोनियम-८९ हा किरणोत्सारी अणू जोडायचा. अँटिबॉडी हा मोठा रेणू, रक्तातून गाठीपर्यंत पोचून तिथे साठायला आणि बाकी रक्तातून साफ व्हायला काही दिवस घेतो. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्याच्याने हे काम होणार नाही. झिर्कोनियम-८९ चं ७८ तास, म्हणून चालतं. चाचणीत इंजेक्शननंतर साधारण पाचव्या दिवशी स्कॅन घेतला होता.

(नेहमीचा एफडीजी पेट स्कॅन का नाही, असं जर्नल क्लबमध्ये कुणीतरी विचारतंच. एफडीजी लघवीवाटे किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे किडनी मुळातच उजळलेली दिसते. शिवाय किडनीचे अनेक कॅन्सर ते फारसं शोषतही नाहीत. हे पाठ करून ठेवा, व्हायव्हात कामी येतं.)

हीच अँटिबॉडी आयोडीन-१२४ ला जोडून रिडेक्ट नावाची चाचणी आधी झाली होती, २०१३ मध्ये छापून आली. तिथे पेट-सीटीची सेन्सिटिव्हिटी ८६.२ आणि स्पेसिफिसिटी ८५.९ टक्के होती. त्याच रुग्णांत साध्या कॉन्ट्रास्ट सीटीची स्पेसिफिसिटी होती ४६.८. म्हणजे क्लिअर सेल नसलेल्या निम्म्याहून जास्त गाठींना सीटीने क्लिअर सेल म्हटलं होतं. दहा वर्षांच्या अंतराने, वेगळा अणू, वेगळी रुग्णालयं, वेगळे वाचक, आणि आकडे जवळजवळ तेच. माझ्या मते झिर्कॉनची सगळ्यात मोठी ताकद हीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही. निष्कर्ष पुन्हा मिळणं ही आपल्या क्षेत्रात दुर्मिळ गोष्ट आहे. शिवाय चार सेंटिमीटरपर्यंतच्या लहान गाठींतही, म्हणजे जिथे खरी अडचण आहे तिथे, आकडे घसरले नाहीत. स्कॅन वाचणाऱ्या तिघांनी एकमेकांशी न बोलता वाचला होता. अभ्यासाचा निधी औषध बनवणाऱ्या टेलिक्स कंपनीचा होता, तेही लक्षात ठेवा, पण केवळ त्यावरून निष्कर्ष फेटाळण्यासारखं मला काही दिसलं नाही.

तर अचूकता मान्य. आता खरा वाद.

सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी या दोन्ही उलट्या दिशेने बघतात. 'ज्याला कॅन्सर आहे हे आपल्याला माहीत आहे, त्याचा स्कॅन पॉझिटिव्ह येण्याची शक्यता किती' हे त्या सांगतात. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला मात्र उलटं हवं असतं : स्कॅन समोर आहे, आता कॅन्सर असण्याची शक्यता किती? हे सगळ्यांना एमएस्सीत शिकवलेलं असतं. तरी पेपर वाचताना विसरायला होतं. म्हणून एक गणित करून बघू. खालचे रुग्ण माझ्या कल्पनेतले आहेत, फक्त ८५.५ आणि ८७ हे दोन आकडे चाचणीतले.

समजा ६०० रुग्ण आहेत आणि त्यांतल्या ४०० जणांना क्लिअर सेल कॅन्सर आहे. ऑपरेशन ठरलेल्या लोकांत क्लिअर सेलचं प्रमाण असं जास्त असणं स्वाभाविक आहे, कारण ज्यांची गाठ जास्त संशयास्पद दिसते त्यांनाच सर्जन टेबलावर घेतो. ४०० पैकी ३४२ पॉझिटिव्ह येतील, ५८ निसटतील. उरलेल्या २०० पैकी १७४ निगेटिव्ह येतील आणि २६ खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ३६८, त्यात खरे ३४२. म्हणजे पॉझिटिव्ह स्कॅनवर ९३ टक्के विश्वास. झकास. आता निगेटिव्ह बघा. एकूण २३२, त्यात ५८ जणांना क्लिअर सेल आहेच. दर चार निगेटिव्हमागे एकजण.

आता हाच स्कॅन वेगळ्या ६०० जणांवर करा. सोनोग्राफीत सहज सापडलेल्या लहान गाठी, अजून काहीच ठरलेलं नाही, आणि क्लिअर सेल फक्त २०० जणांना. पॉझिटिव्ह येतील २२३, त्यात खरे १७१. विश्वास ७७ टक्क्यांवर आला. निगेटिव्ह ३७७, त्यात निसटलेले २९, म्हणजे निगेटिव्हवरचा विश्वास ७५ वरून ९२ टक्क्यांवर गेला.

स्कॅनर तोच, अँटिबॉडी तीच, सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी तीच. अर्थ मात्र पालटला. पहिल्या गटात पॉझिटिव्हवर भरवसा ठेवता येतो, निगेटिव्हवर नाही. दुसऱ्या गटात चित्र बरंचसं उलटं. आणि गंमत अशी की, स्कॅनची गरज दुसऱ्या गटाला आहे. तपासणी पहिल्या गटावर झाली. शिवाय मी इथे सेन्सिटिव्हिटी दोन्हीकडे सारखीच धरली, हेसुद्धा उदारपणे. संशयास्पद गाठी निवडून घेतलेल्या गटातून आलेला आकडा न निवडलेल्या गटात तसाच टिकेल याची हमी नसते. हा निवडीचा प्रश्न आहे, आणि ज्यांची गाठ काढली त्यांचंच सत्य कळतं, या अर्थाने पडताळणीचाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. झिर्कॉनचा प्रश्न 'कॅन्सर आहे का' असा नाहीच. तो 'क्लिअर सेल आहे का' असा आहे. क्लिअर सेल हा किडनीच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, साधारण चारात तीन. पण पॅपिलरी आहे, क्रोमोफोब आहे, इतरही आहेत. त्यांतल्या बहुतेकांत हा स्कॅन निगेटिव्ह येणं हेच 'बरोबर' उत्तर मानलेलं आहे. म्हणजे निगेटिव्हच्या टोपलीत तीन जातीचे लोक बसलेत : साध्या गाठीवाले, दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरवाले, आणि निसटलेले क्लिअर सेलवाले.

वरच्या पहिल्या गटातल्या 'इतर' २०० जणांपैकी समजा निम्मे दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरचे आहेत. हे गृहीतक माझं, पण अवास्तव नाही. मग २३२ निगेटिव्हांपैकी ५८ निसटलेले आणि ८७ इतर कॅन्सरचे, असे १४५ जण झाले. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी ६२ टक्क्यांहून जास्त लोकांना कॅन्सर आहे. आणि रिपोर्टवर 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून घरी काय समजूत होणार? आपल्याकडे निगेटिव्ह म्हणजे पेढे.

याला उत्तर आहे आणि ते तज्ज्ञ देतात : लहान आकाराचे पॅपिलरी आणि क्रोमोफोब सहसा सावकाश वाढतात, धोका जास्त क्लिअर सेलचा, म्हणून 'क्लिअर सेल नाही' एवढं कळलं तरी थांबून बघायला धीर येतो. युक्तिवाद चुकीचा नाही. पण तो जीवशास्त्रावरून आणि आकारावरून केलेला तर्क आहे, चाचणीने सिद्ध केलेली गोष्ट नाही. निगेटिव्ह आलेल्यांना थांबवलं असतं तर त्यांचं पुढे काय झालं असतं, हे झिर्कॉनमधून कळूच शकत नाही. सगळ्यांच्या गाठी पॅथॉलॉजीच्या डब्यात आहेत.

तुलनेचंही तसंच. चांगला स्कॅन ठरवायचा कशाच्या तुलनेत? सीटीच्या तुलनेत तो पुढे आहे यात वाद नाही. पण सर्जनकडे आजही एक पर्याय आहे, सुईने केलेली बायोप्सी. २०१६ मध्ये आलेल्या एका मेटाअ‍ॅनालिसिसमध्ये ५७ अभ्यास आणि ५,२२८ रुग्ण होते. त्यात बायोप्सीतून निदान होण्याचं प्रमाण ९२ टक्के, आणि जाड सुईच्या बायोप्सीची कॅन्सरसाठी सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी दोन्ही ९९ टक्क्यांच्या वर. हे आकडेही त्याच दोषाने ग्रस्त आहेत, कारण साधी म्हणून निघालेली गाठ पुढे कुणी फारशी कापत नाही, मग खरं-खोटं करायचं कशाशी? तरीही शर्यतीत खरा प्रतिस्पर्धी बायोप्सी आहे, सीटी नव्हे. बायोप्सी टोचावी लागते, कधी रक्तस्राव होतो, कधी काहीच हाती लागत नाही. पण ती 'साधी गाठ' असं नाव घेऊन सांगते. झिर्कॉनमध्ये स्कॅनची बायोप्सीशी गाठ घातलेलीच नाही. नवीन धावपटूला सगळ्यात मंद माणसाशी पळवून पहिला नंबर द्यायचा, हा प्रकार इमेजिंगच्या पेपरांत इतका सर्रास आहे की आता कुणाला तो खटकत नाही.

आणि तिसरी बाजू. समजा स्कॅन शंभर टक्के अचूक आहे. दोन सेंटिमीटरची गाठ क्लिअर सेल कॅन्सरच आहे, हे देवाने येऊन सांगितलं. मग ऑपरेशन करायचंच का? डिसर्म नावाची एक नोंदणी अमेरिकेत २००९ पासून चालू आहे. लहान गाठी असलेल्या लोकांनी ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं हे स्वतः ठरवलं. २०१५ मध्ये ४९७ जणांचे निष्कर्ष आले. पाच वर्षांनी किडनीच्या कॅन्सरने न मरण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत ९९ टक्के, लक्ष ठेवणाऱ्यांत १०० टक्के. हे रँडमाइज्ड नाही. लक्ष ठेवणारे लोक वयाने मोठे होते, त्यांच्या गाठी लहान होत्या, पाच वर्षं हा काही फार मोठा काळ नाही, आणि गाठ वाढली तर मध्येच ऑपरेशनकडे वळण्याची वाटही मोकळी होती. या सगळ्या अटी मान्य करूनही एक गोष्ट उरते. अनेक लहान गाठींत 'कॅन्सर आहे' हे कळणं आणि 'लगेच काढायला हवी' हे ठरणं यांच्यात मोठी दरी आहे. अशा गाठी सरासरीने वर्षाला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतात, काही तर वाढतच नाहीत. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हृदयरोगी आजोबांना पॉझिटिव्ह स्कॅन दिला तर त्यांचं भलं झालं की ज्या ऑपरेशनपासून ते वाचले असते त्याकडे आपण त्यांना ढकललं? अचूक स्कॅनमुळे ऑपरेशनं कमी होतील असं सगळे गृहीत धरतात. पहिल्या गटात पॉझिटिव्ह येणारे ३६८ आणि निगेटिव्ह येणारे २३२ हे बघितल्यावर मला तरी ते गृहीत धरवत नाही.

फ्रायबॅक आणि थॉर्नबरी या दोघांनी १९९१ मध्ये इमेजिंगची उपयुक्तता सहा पायऱ्यांत मांडली होती. प्रतिमा चांगली येते का, निदान अचूक होतं का, डॉक्टरच्या मनातली शक्यता बदलते का, उपचार बदलतो का, रुग्णाचं भलं होतं का, समाजाला परवडतं का. झिर्कॉन दुसऱ्या पायरीवर भक्कम उभा आहे. पेपरच्या शेवटी मात्र प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवहार बदलण्याची क्षमता यात आहे अशा अर्थाचं वाक्य येतं. म्हणजे एकदम चौथ्या-पाचव्या पायरीवर नजर. तिसरी गाळली. ती गाळणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं, हे विशेष. स्कॅनच्या आधी सर्जनकडून एक फॉर्म भरून घ्यायचा : तुमचा बेत काय, खात्री किती? स्कॅन दाखवायचा, पुन्हा तोच फॉर्म. ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच करायचं, रुग्णाला धोका शून्य. निदान बेत किती जणांचा बदलला असता आणि तो बदल पॅथॉलॉजीनुसार बरोबर ठरला असता का, हे तरी कळलं असतं. पुढची पायरी म्हणजे खरी चाचणी : अजून काही न ठरलेले रुग्ण घ्या, निम्म्यांना स्कॅनसकट आणि निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने, बायोप्सीची मुभा देऊन, निर्णय घेऊ द्या. मग साध्या गाठींची किती ऑपरेशनं झाली, किडनीचं काम किती टिकलं, कुणाचा कॅन्सर पसरला, हे मोजा. खर्चिक आहे, वर्षं लागतील. म्हणूनच कुणी करत नाही.

लेखकांच्या बाजूनेही बोलायला हवं. गाठीचं खरं स्वरूप ठामपणे ठरवायला ती काढावीच लागते, त्यामुळे ऑपरेशन ठरलेले लोक घेणं ही सोय नव्हती, गरज होती. निगेटिव्ह स्कॅनच्या भरवशावर पहिल्याच मोठ्या चाचणीत ऑपरेशन रद्द करायला कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही. पायरी क्रमाने चढावी लागते हे खरंच. माझा आक्षेप दुसरी पायरी चढण्याला नाही. तिथे उभं राहून पाचवीवरचं बोलण्याला आहे, आणि ते तसंच स्लाइडवर उतरवणाऱ्या माझ्यासारख्यांना आहे.

याच विषयातला एक अगदी वेगळ्या चणीचा पेपरही वाचा, कारण तो आपल्याला जास्त जवळचा आहे. झिर्कोनियम लावलेली अँटिबॉडी ही काही कुठल्याही न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रोज मिळणारी वस्तू नाही. टेक्नेशियम-९९एम सेस्टामिबी मात्र हृदयाच्या स्कॅनसाठी आपल्याकडच्या विभागांत नेहमी वापरतात. ऑन्कोसायटोमाच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात आणि सेस्टामिबी मायटोकॉन्ड्रियात साठतं. त्यामुळे इथे तर्क उलटा : गाठ उजळली तर ती बहुधा साधी. म्हणजे हा स्कॅन 'सोडून द्या' म्हणायला मदत करतो, जे आपल्याला मुळात हवं होतं. २०१६ मध्ये ५० रुग्णांचा अभ्यास आला : सेन्सिटिव्हिटी ८७.५, स्पेसिफिसिटी ९५.२. झिर्कॉनपेक्षाही देखणे आकडे. आता थांबा आणि विचारा, ८७.५ टक्के म्हणजे किती जण? आठापैकी सात. ऑन्कोसायटोमा सहा आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या मिश्र गाठी दोन, अशा एकूण आठच गाठी होत्या. आठात सात याचा ९५ टक्के विश्वासांतर काढला तर तो साधारण ४७ ते ९९.७ टक्के इतका पसरतो. शिवाय काही क्रोमोफोब कॅन्सरही सेस्टामिबी शोषतात हे माहीत आहे. प्रश्न योग्य, स्वस्त, हाताशी असलेला, पण आधार आठ गाठींचा. झिर्कॉनमध्ये आधार भक्कम, प्रश्न थोडा बाजूला. दोनांपैकी कुठल्या उणिवेवर आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत काम करता येईल, याचा विचार करा. मला उत्तर स्पष्ट वाटतं.

ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी एक काम आत्ताच करण्यासारखं आहे आणि त्याला स्कॅनरही लागत नाही. तुमच्या जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात, रीतसर परवानगी घेऊन, मागच्या पाच वर्षांत काढलेल्या किडनीच्या गाठींची नोंद बघा. चार सेंटिमीटरपेक्षा लहान किती, त्यात साध्या किती, क्लिअर सेल किती. तो एक अपूर्णांक मिळाला की झिर्कॉनचा ८५.५ आणि ८७ त्यात घालून बघता येईल की हा स्कॅन तुमच्या शहरात काय अर्थ घेऊन येईल. मात्र तिथेही तोच सापळा आहे हे विसरू नका : रजिस्टरमध्ये फक्त काढलेल्या गाठी असतात.

माझ्या स्वतःच्या थिसिसमध्ये सीटीच्या टेक्स्चरवरून गाठीची जात ओळखण्याचं एक प्रकरण आहे. जर्नल क्लबनंतर ते उघडून पाहिलं. रुग्ण सगळे ऑपरेशन झालेले. तुलना सीटीच्या साध्या वाचनाशी. शेवटच्या परिच्छेदात 'उपचाराचे निर्णय घेण्यास उपयुक्त' असं मीच लिहिलेलं. ते वाक्य काढलं. सर्जनने भरायच्या आधीच्या-नंतरच्या फॉर्मचा मसुदा केलाय, एथिक्स कमिटीकडे सुधारणा पाठवली आहे. तिसऱ्या आठवड्यात बैठक आहे. त्या निवृत्त सरांना फॉर्म दाखवला तर म्हणाले, "दुसरा प्रश्न आधी विचारा. खात्री किती, हे बेत लिहायच्या आधी लिहून घ्या. नाहीतर माणूस बेताला शोभेल एवढी खात्री लिहितो." क्रम बदलला.